भोंग्याची ओळ

ओळ पुन्हा बाहेर आली होती.

रुचिताने हातातला चहा तसाच टेबलावर ठेवला. काल घरी निघताना तिने ती ओळ स्वतःच्या हाताने आत ढकलली होती, शेजारच्या ओळीखाली, सूत धरून. आणि आज सकाळी लॅपटॉप उघडला तर ती आपली डावीकडे, फटकून उभी. पहाटे तलासरीच्या बाजूला जमीन थोडी हलली होती. गेल्या वेळीही असंच झालं होतं आणि त्याच्या आधीच्या वेळीही. जमीन हलली की ओळ बाहेर.

“नितीन, माझ्या फाईलला हात लावलास तू?”

“मी? मला काय किडा चावलाय?” नितीन समोरच्या टेबलावरून म्हणाला. “तुझ्या फाईलमध्ये एक स्पेस जास्त पडली तर तू आठवडाभर तोंड फुगवून बसतेस. आपण त्या गल्लीत जातच नाय.”

ते खरंच होतं. वाकडी ओळ दिसली की रुचिताचा हात शिवशिवायचा. लग्नात वाढायला उभी राहिली तरी ही आधी पत्रावळी सरळ करत सुटेल, असं तिचा नवरा तुषार म्हणायचा. तो रेल्वेतला, वेळापत्रकावर जगणारा माणूस, पण तोही हिच्यापुढे हात टेकायचा.

ऑफिस डहाणू रोडला, फुग्यांच्या एका गोदामाच्या वर. जिना चढताना रबराचा आणि पावडरीचा वास कपड्यांना चिकटतो आणि संध्याकाळी घरी सोबत येतो. काम मात्र फुग्यांसारखं हलकं नव्हतं. तलासरी-डहाणूच्या डोंगरपट्टीत गेली काही वर्षं जमीन अधूनमधून गुरगुरते. आधी खोल कुठेतरी धप्प असा आवाज होतो, मग भांडी वाजतात. रुचिता काम करायची त्या छोट्याशा संस्थेने काही पाड्यांवर धक्के मोजणारी यंत्रं बसवली होती. हलका धक्का बसला की त्यांच्या प्रोग्रामने घराघरात फोन लावायचे आणि खांबांवरचे भोंगे वाजवायचे. भूकंप आधी कळतो असा दावा कोणी करत नव्हतं. हलक्यामागून मोठा आलाच, तर तोवर माणसं अंगणात असावीत, एवढाच हेतू.

तो प्रोग्राम देवेशने लिहिला होता. देवेश वरोरचा, मच्छीमारांच्या घरातला. गेल्या पावसाळ्यात एका पाड्यावरचा बंद पडलेला भोंगा दुरुस्त करायला निघाला आणि हायवेवर त्याच्या मोटरसायकलला ट्रकने उडवलं. भोंगा त्याच्या पाठीवरच्या पिशवीत होता. त्याला साधा ओरखडासुद्धा आला नव्हता, असं नितीन सांगतो आणि सांगताना दरवेळी दुसरीकडे बघतो.

देवेश गेला आणि प्रोग्राम रुचिताच्या वाट्याला आला. भाषा हॅस्केल. फंक्शनल प्रोग्रामिंगवाल्यांची ही लाडकी भाषा मोठी मानी आहे. बाकीच्या भाषांत कुठली ओळ कुठल्या ओळीच्या पोटात आहे ते सांगायला कंस लागतात. इथे कंस न घातले तरी चालतं. ओळ डावीकडून किती आत आहे, एवढ्यावरून तिचं घर ठरतं. पाहुणा ओट्यावर बसला की चुलीपाशी, यावरून तो किती जवळचा हे जसं न विचारता कळतं, तसं. मोकळी जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे, तिलाही अर्थ असतो. हे रुचिता नवीन पोरांना शिकवायची, आणि नेमकी तीच विसरली.

देवेशची लिहिण्याची रीत तिला पहिल्यापासून खुपायची. कुठे दोन जागा सोडलेल्या, कुठे चार. घरांची यादी लिहिली तर स्वल्पविराम ओळीच्या शेवटी नाही, पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. तशी लिहिणारे त्या भाषेत पुष्कळ आहेत, पण रुचिताला ते उलटा सदरा घातल्यासारखं वाटायचं. “अगं, रस्ता ओलांडताना पोरं कशी करतात?” देवेश हसून म्हणायचा. “आधी पुढच्याचा हात धरायचा, मग पाऊल टाकायचं. स्वल्पविराम म्हणजे तो हात.”

तो गेल्यावर तिने महिनाभर फाईल उघडली नाही. मग एक दिवस उघडली आणि दुःखावर उपाय म्हणून साफसफाईला लागली. कोणी माणूस गेल्यावर बायका डबे घासायला काढतात, तशातलाच प्रकार. स्वल्पविराम मागे नेले, रांगा सरळ केल्या. साफ करता करता ती ओळ दिसली. मराठीत सांगायचं तर मजकूर असा होता:

घराला फोन लाव
फोन उचलला नाही, तर
    संदेश पाठव
भोंगा वाजव

शेवटची ओळ तिला बाहेर सांडल्यासारखी वाटली. फोन उचलला नाही तर संदेश पाठवायचा, भोंगा वाजवायचा, असंच असणार ना? घाईत देवेशचा हात घसरला असेल. तिने ती ओळ आत घेतली, ‘संदेश पाठव’च्या बरोबर खाली. लिहिलेलं तपासून यंत्रासाठी उतरवून घेणाऱ्या कंपाईलरने हूं की चूं केलं नाही. आणि हॅस्केलवाल्या मंडळींची एक श्रद्धा असते: या भाषेत कंपाईल झालं म्हणजे बरोबरच असणार. देवावर नसेल तेवढा विश्वास ती कंपाईलरवर ठेवतात.

ऑफिसचा नियम होता की दुसऱ्याने पाहून मंजुरी दिल्याशिवाय कुठलाही बदल चालू प्रोग्रामपर्यंत जाणार नाही. नियम देवेशनेच केलेला. नितीनने पाहिलं, पण पाहताना ‘मोकळ्या जागांचे बदल लपवा’ ही खूण चालू ठेवून. स्वल्पविराम जागचे हललेले दिसले, बाकी काहीच दिसलं नाही. त्याने मंजुरी दिली. पुढे पाड्यांवर भोंगे कमी वाजू लागले, तेव्हा गावकऱ्यांनी उलट आभारच मानले. कान किटले होते सगळ्यांचे.

आणि आता ती ओळ जमीन हलली की रुचिताच्या लॅपटॉपमध्ये बाहेर येत होती. चालू प्रोग्राम जसाच्या तसा होता. बदलत होती ती फक्त तिच्यापुढची फाईल. कोणी, कधी बदलली याचा इतिहास तिने पाहिला. तिच्या स्वतःच्या नावाखेरीज तिथे कोणाचं नाव नव्हतं.

“एडिटर सॉफ्टवेअरचा घोळ असेल,” नितीन म्हणाला. “नवीन टाक.”

तिने नवीन टाकला. पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, ती पूर्णपणे वेगळ्या कामाची फाईल लिहीत होती. नळ, टाकी, मोटार, साधी यादी. पाणी प्यायला उठली, परत आली, तर तिचे सगळे स्वल्पविराम ओळींच्या सुरुवातीला होते. एकेक ओळ वरच्या ओळीचा हात धरून उभी होती. खालच्या गोदामात कोणीतरी फुगा फोडला आणि रुचिता किंचाळली. नितीन हसला.

त्या दिवशी तिला खरी भीती वाटली. देवेशची नव्हे. देवेश जिवंतपणी मुंगीलाही बाजूला करून पाऊल टाकायचा. भीती ही वाटली की तो काहीतरी सांगतोय आणि आपल्याला कळत नाहीये. पण भीती वाटली की माणूस जे करत आलाय तेच जास्त जोराने करतो. तिने भोंग्याची ओळ पुन्हा आत ढकलली.

रविवारी ती आईकडे गेली. आई, वसुमतीबाई, तलासरीजवळच्या एका पाड्यावर राहायची. नोकरीची बहुतेक वर्षं तिने तिथल्याच शाळेत शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर तिथेच दोन खोल्या बांधल्या होत्या. मसोलीला लेकीच्या घरी राहायला चल म्हटलं की म्हणायची, “तिथे मला बाई कोण म्हणणार?” कानाने ती जवळजवळ गेली होती, पण ते कबूल करणारी जात नव्हे. पलंगामागच्या भिंतीला तडा गेला होता आणि त्यावर तिने कॅलेंडर टांगलं होतं.

“आई, हा तडा वाढलाय.”

“कॅलेंडर लहान आलंय यंदा,” आई म्हणाली.

तेवढ्यात तो आवाज आला. डोंगराच्या पोटात कोणी मोठा दरवाजा लोटावा तसा. फळीवरचे पेले किणकिणले. रुचिता एका उडीत अंगणात होती. समोरच्या घरातली धाकली कडेवर पोर घेऊन आली. धाकली आईची जुनी विद्यार्थिनी, आता आईची शेजारीण आणि निम्मी मुलगी. आजूबाजूची घरंही रिकामी झाली, बाहेर आलेले लोक वाजणारे मोबाईल उचलू लागले. आई मात्र बाहेर आली नाही. आतून फोनची रिंग ऐकू आली, कानठळ्या बसतील एवढी मोठी ठेवलेली. मग आईचा आवाज आला. “हॅलो! हो हो, मी बरी आहे. जेवले. ठेवते हं!”

प्रोग्रामचा फोन होता. यंत्राचा आवाज तिकडे ‘बाहेर पडा’ म्हणत असणार. आईला त्यातला एक शब्द ऐकू आला नव्हता. तिच्या लेखी वाजणारा प्रत्येक फोन लेकीचा, आणि लेकीला एकच सांगायचं असतं. लेक अंगणात उभी आहे हेही ती विसरली होती.

खांबावरचा भोंगा गप्प होता.

“पैलं भोंगा वाजं, तवा बाई येत बाहेर,” धाकली म्हणाली. “त्या देवेशदादानं मुद्दाम बाईंच्या खिडकीकडं तोंड केलं त्याचं. तेवढाच ऐकू ये त्यांना. दादा आमाला शिकवी, आवाज आला का आधी बाहेर, चपला मागून. आता फोन उचलला का भोंगा वाजंच नाय. मी जाऊन हात ओढतू, पन मी कामावं असलू मंग?”

रुचिता तशीच धाकलीच्या ओट्यावर बसली. देवेशचा हात घसरलाच नव्हता. फोन उचलला काय, न उचलला काय, भोंगा वाजलाच पाहिजे, म्हणून त्याने ती ओळ घराबाहेर ठेवली होती. जे फोन उचलतात, ‘बरी आहे’ म्हणतात आणि आत बसून राहतात, त्यांच्यासाठी. आणि आपण ती रांग सरळ दिसावी म्हणून आत कोंडली. आपल्याच आईच्या कानावरून भोंगा काढून घेतला. तिला स्वतःची शिसारी आली.

तिने आधी आईला बाहेर काढायला हवं होतं, आणि तिने प्रयत्न केलाही. पण धक्का थांबला होता, आईने आमटीला फोडणी घातली होती, आणि फोडणी सोडून वसुमतीबाई यमाबरोबरही गेल्या नसत्या. “झालं ना हलून? जा, तू तुझं काम कर,” म्हणाली. तेव्हा रुचिताने लॅपटॉप काढला, मोबाईलवरून नेट जोडलं आणि अंगणातल्या जांभळाखाली बसून फाईल उघडली. त्या दिवशी आत ढकललेली ओळ बाहेर उभी होती. या वेळी तिने तिला हात लावला नाही.

“समजलं,” ती हळूच म्हणाली. “समजलं रे.”

बदल पाठवायचा होता. त्याला मंजुरी लागणार होती. तिने नितीनला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. सासुरवाडीला गेला होता, फोनचा आवाज बायकोच्या चुलतभावाच्या लग्नाच्या बँडमध्ये हरवला होता, हे मागून कळलं. संस्थेत तिसरं कोणी मंजुरी देणारं नव्हतं. ती स्क्रीनवरच्या ‘मंजुरीची वाट पाहत आहे’ या शब्दांकडे बघत बसली. आत आई आमटी हलवत होती. पळीचा आवाज अंगणापर्यंत येत होता.

मग ते शब्द बदलले. ‘मंजूर.’ खाली नाव होतं देवेशचं.

त्याचं खातं कोणी बंद केलंच नव्हतं. कोणाला धीर झाला नव्हता. नावाच्या शेजारी त्याचा तोच वरोरच्या किनाऱ्यावरचा फोटो, डोळे उन्हाने बारीक केलेले. आणि मंजुरी देताना तो नेहमी लिहायचा तेच दोन शब्द होते: ‘काढ होडी.’

रुचिताने ते दोन शब्द पुन्हा वाचले. जांभळाचं पानही हलत नव्हतं. तिने बटण दाबलं आणि बदल चालू प्रोग्रामकडे गेला.

त्याच क्षणी खांबावरचा भोंगा वाजला.

इतका जोरात, की धाकलीच्या कोंबड्या उडून छपरावर गेल्या. सगळे पुन्हा अंगणात धावले. आतली पळी थांबली. “वाजलं का ते मेलं परत!” असं करवादत आई दारात आली, एका हातात पळी, पाय अनवाणी. “चपला कुठे गेल्या माझ्या?”

“चपला मागून!” रुचिता ओरडली आणि तिने आईचा हात धरून तिला खसकन ओढलं. दोघी जांभळापर्यंत पोचल्या, आणि जमीन उचलली गेली.

जोराचा धक्का होता. फार वेळ नव्हता तो, पण उभं राहता आलं नाही कोणाला. सगळं थांबलं तेव्हा घराच्या दारातून लाल धूळ बाहेर येत होती. पलंगामागची भिंत पलंगावर निजली होती आणि कॅलेंडर विटांच्या वर सरळ पडलं होतं. आई कितीतरी वेळ ते बघत राहिली. मग म्हणाली, “गॅस चालू आहे गं.” धाकलीने धावत जाऊन मागच्या बाजूने सिलिंडर बंद केला. रुचिता आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, लहान पोरीसारखी, हुंदके देऊन, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

सोमवारी नितीनने सगळं ऐकून घेतलं. “नवीन बदल गेला की भोंगा टेस्टसाठी एकदा वाजत असेल,” तो म्हणाला. “धक्का त्याच्यानंतर आला, योगायोग झाला. आणि मंजुरी म्हणशील तर... काहीतरी सेटिंग असेल.”

“प्रोग्राममध्ये टेस्टची ओळ नाहीये,” रुचिता म्हणाली. “मी पूर्ण वाचलाय.”

नितीनने स्वतः वाचला. मग उठून खिडकीपाशी गेला आणि देवेशचं खातं बंद करूया का, असं त्याने विचारलं. विचारताना त्याचा आवाज खाली गेला होता. रुचिता नको म्हणाली. त्यालाही तेच हवं होतं.

आईला तिने मसोलीला आणलं. बाई म्हणायला इथे कोणी नाही ही तक्रार दोन दिवस टिकली, मग शेजारची शितल मुलीचं पाढ्यांचं रडगाणं घेऊन आली आणि आईला वर्ग मिळाला. रुचिता घरूनच काम करू लागली. घरांच्या यादीत तिने मसोलीचंही घर घातलं, कारण आई जिथे तिथे फोन आणि भोंगा हवा. स्वल्पविराम पुढे घेतला. तिची जुनी खोड मोडली असं नाही. हात अजून शिवशिवायचा. पण ती तो मांडीखाली दाबून बसायची.

एका दुपारी तुषार ड्युटीवर होता. आई मागच्या खोलीत निजली होती. रुचिताने यादीची फाईल उघडली. सगळी घरं एकाखाली एक होती, हात धरून, सरळ.

एक ओळ तेवढी बाहेर आली होती. मसोलीची.

यादीत ओळ आत असली काय नि थोडी बाहेर असली काय, अर्थ बदलत नाही. प्रोग्रामला त्याने काही फरक पडणार नव्हता. सकाळपासून कुठेही जमीन हललेली नव्हती, मोजणारी यंत्रं सगळीकडे शांत होती. घड्याळाची टिकटिक चालू होती. रुचिताचं बोट सवयीने कीबोर्डवरच्या किल्लीवर गेलं, आत ढकलायच्या.

तिने बोट उचललं.

ती मागच्या खोलीत गेली आणि तिने आईचं मनगट धरलं. “अगं, काय झालं? फोन आला का?” आई झोपेतून म्हणाली. “ऊठ,” रुचिता म्हणाली, “चल.” जाता जाता तिने शितलच्या दारावर थापा मारल्या. “बाहेर ये! पोरीला घेऊन ये!” शितल तशीच पोरीला उचलून आली, काय झालं विचारत. शेजारपाजारचे दोघेतिघे दारात येऊन बघू लागले. त्यांनाही रुचिताने हात हलवून बाहेर बोलावलं. कोणीतरी हसलं.

अंगणातली फरशी उन्हाने तापली होती. आई पाय उचलत पुटपुटत होती, “चपला तरी घालू द्यायच्यास.” रुचिताने तिचा हात सोडला नाही. दोरीवर वाळत घातलेले कपडे स्थिर होते. शेजाऱ्यांचा कुत्रा भिंतीच्या सावलीतून उठला आणि उन्हात येऊन उभा राहिला.

“काय ऐकतेस एवढं?” आईने विचारलं.

“काही नाही गं,” रुचिता म्हणाली. काहीच ऐकू येत नव्हतं. मग ते आधी त्यांच्या तळपायांना कळलं.